निदानाच्या उंबरठ्याअलीकडे : विस्कळीत आहार आणि त्याची भाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

मनुष्याच्या आहाराचा विचार वैद्यक, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या शास्त्रांनी आपापल्या परीने केलेला आहे. भाषाशास्त्राचा या विषयाशी काही संबंध पोचत असेल, असे सकृद्दर्शनी वाटत नाही. परंतु आहारविषयक मानसिक विकारांचे निदान ज्या सामग्रीवर केले जाते, ती सामग्री बहुतांशी शाब्दिक असते. हिवतापाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, क्षयाची छाया क्ष-किरणांच्या चित्रात उमटते. पण 'खाण्यावर ताबा राहत नाही' किंवा 'वजन वाढण्याची धास्ती वाटते' ही लक्षणे रुग्णाने बोलून दाखविल्याशिवाय वैद्याच्या हाती लागत नाहीत. रुग्ण जे बोलतो ते कोणत्या शब्दांत आणि कोणत्या क्रियापदांत बोलतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यकाचा राहत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय त्याहूनही नेमका आहे. आहारविकारांची काही नावे आता सुशिक्षित वर्गाच्या परिचयाची झालेली आहेत. अन्न अत्यल्प करून शरीर क्षीण होऊ देणे आणि तरीही लठ्ठपणाची भीती बाळगणे, हा ॲनोरेक्सिया नर्व्होसा; अनावर खाणे आणि मग ओकारी, रेचक किंवा अतिव्यायाम यांनी ते निस्तरू पाहणे, हा बुलिमिया नर्व्होसा; आणि निस्तरण्याच्या उपायांवाचून वारंवार घडणारे अनावर खाणे, हा तिसरा विकार. या तिहींच्या व्याख्या ठरलेल्या आहेत. परंतु ज्यांचे खाणे या व्याख्यांत बसत नाही आणि निरोगीही म्हणवत नाही, अशा व्यक्तींचे काय? त्यांच्या अवस्थेला येथे 'विस्कळीत आहार' असे म्हटले आहे. 'विकृत आहार' हा शब्द हेतुतः टाळला आहे. कारण 'विकृत' या शब्दाला मराठीत नैतिक दोषाचा वास येतो, आणि या विषयात दोषारोपासारखे अपायकारक दुसरे काही नाही.

विस्कळीत आहार म्हणजे सौम्य विकार, असा समज सर्वत्र आढळतो. तो समज कितपत खरा आहे, आणि मराठी भाषक ही अवस्था व्यक्त करतात तेव्हा ती कोठे शोधावी, या दोन गोष्टींचा विचार पुढे करावयाचा आहे.

२. रेषेचा इतिहास

प्रथम नावांविषयी. 'ॲनोरेक्सिया' या ग्रीक मूळ असलेल्या शब्दाचा अर्थ भूक नसणे. लंडन येथे विल्यम गल आणि पॅरिस येथे शार्ल लासेग या दोन वैद्यांनी या विकाराचे वर्णन १८७३ च्या सुमारास एकमेकांपासून स्वतंत्रपणे केले. गल यांनी दिलेले नाव १८७४ मध्ये छापून आले व तेच रूढ झाले. वस्तुतः हे नाव चुकीचे आहे. या विकारात भूक नाहीशी होतेच असे नाही. बहुधा ती असते आणि तिच्याशी झगडा चाललेला असतो. 'बुलिमिया' या शब्दाचा मूळ अर्थ बैलाएवढी भूक. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये या नावाने एक स्वतंत्र विकार मांडला. पण त्यातील खाणेही पुष्कळदा भुकेपेक्षा वेगळ्याच कारणाने सुरू होते. दोन्ही नावे भुकेची आहेत. विकार मात्र भुकेचे नाहीत. नावाने लक्ष कोठे वळते आणि कोठून ढळते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आता सीमारेषेकडे वळू. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या १९८० च्या आवृत्तीत ॲनोरेक्सियाच्या निदानासाठी मूळ वजनात २५ टक्के घट अपेक्षिली होती. १९८७ मध्ये अपेक्षित वजनापेक्षा १५ टक्के कमी वजन, अशी कसोटी आली. १९९४ च्या आवृत्तीत अपेक्षित वजनाच्या ८५ टक्क्यांचा दाखला होता आणि स्त्रियांच्या बाबतीत सलग तीन वेळा पाळी चुकणे आवश्यक होते. २०१३ मध्ये पाळीची अट काढून टाकण्यात आली आणि मुख्य कसोटीत टक्केवारीऐवजी 'लक्षणीयरीत्या कमी वजन' असे शब्द आले. बुलिमियाच्या बाबतीत १९९४ ची अट होती, तीन महिने आठवड्यातून सरासरी दोनदा अनावर खाणे व ते निस्तरणे. २०१३ मध्ये ती आठवड्यातून एकदा अशी झाली. त्याच वर्षी निस्तरण्यावाचूनचे अनावर खाणे हा स्वतंत्र विकार म्हणून मान्य झाला; अल्बर्ट स्टंकार्ड यांनी त्याचे वर्णन मात्र १९५९ मध्येच केले होते. जागतिक आरोग्य संघटनेचे रोगवर्गीकरण आपल्या परीने वेगळे आहे. १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या त्याच्या अकराव्या आवृत्तीत बुलिमियासाठी अनावर खाण्याचा कालावधी तीन महिन्यांऐवजी एक महिना पुरेसा मानला आहे.

याचा अर्थ असा की, आठवड्यातून एकदा हा प्रकार घडणारी एखादी तरुणी २०१२ मध्ये बुलिमियाची रुग्ण नव्हती. २०१३ मध्ये ती रुग्ण झाली. तिच्या शरीरात किंवा मनात काही पालटले नव्हते. पालटली होती ती व्याख्या. बोलींचा अभ्यास करणाऱ्यांना ही परिस्थिती अपरिचित नाही. रत्नागिरीहून दक्षिणेकडे सावंतवाडीपर्यंत जाणाऱ्याला बोली बदलत गेल्याचे जाणवते. पण अमुक एका गावाच्या वेशीवर ती बदलली, असे सांगता येत नाही. नकाशावरील रेषा अभ्यासकाने आपल्या सोयीसाठी काढलेली असते. ती निरुपयोगी नसते. तिच्यावाचून दोन सर्वेक्षणांची तुलना करता येणार नाही. त्याचप्रमाणे निदानाच्या रेषेवाचून उपचारांची पारख किंवा संशोधनांची तुलना होणार नाही. मात्र रेषेच्या अलीकडे राहणारा मनुष्य बोलत नाही, असा निष्कर्ष जसा कोणी काढणार नाही, तसा निदानाच्या अलीकडे राहणारा मनुष्य आजारी नाही, असाही काढता कामा नये.

या बाबतीत एक पुरावा विशेष विचारार्ह आहे. १९९४ च्या पुस्तिकेत व्याख्यांत न बसणाऱ्या रुग्णांसाठी 'अन्यत्र न मोडणारे आहारविकार' असा एक शेषवर्ग होता. प्रत्यक्षात उपचारासाठी येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण याच शेषवर्गात पडत, असे अनेक ठिकाणी दिसून आले. यातल्या किती जणांचा पुढे मृत्यू झाला, याचा शोध क्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनेसोटा येथे घेतला व २००९ मध्ये प्रसिद्ध केला. एकूण १,८८५ रुग्णांच्या या पाहणीत मृत्यूचे प्रमाण ॲनोरेक्सियात ४.० टक्के, बुलिमियात ३.९ टक्के आणि शेषवर्गात ५.२ टक्के आढळले. 'पूर्ण विकार नाही' म्हणून ज्यांची बोळवण होत असे, त्यांचे मरण इतरांपेक्षा विरळ नव्हते. २०१३ मध्ये हा शेषवर्ग मोडून त्यातील काही प्रकारांना स्वतंत्र नावे देण्यात आली. वजन पुष्कळ घटूनही जे अद्याप कृश दिसत नाहीत, त्यांचा 'अप्रातिनिधिक ॲनोरेक्सिया' हा त्यांपैकीच एक होय.

३. रेषेअलीकडील प्रदेश

शेषवर्गाच्याही अलीकडे एक विस्तीर्ण प्रदेश आहे. एक जेवण चुकले की पुढच्या जेवणाला हक्क सांगता येतो, असा मनाशी हिशेब ठेवणे. भात, तेल किंवा साखर यांना वर्ज्य पदार्थांच्या यादीत घालणे व ती यादी वाढवीत नेणे. दिवसातून अनेकदा काट्यावर उभे राहणे. चारचौघांत नावापुरते खाऊन एकांतात भरमसाट खाणे. खाल्ल्याची शिक्षा म्हणून व्यायाम करणे, हे सर्व या प्रदेशातील व्यवहार होत. 'शुद्ध' अन्नाच्या ध्यासाने आहार संकुचित होत जाण्याच्या प्रकाराला अमेरिकन वैद्य स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ मध्ये 'ऑर्थोरेक्सिया' हे नाव दिले; अधिकृत वर्गीकरणात त्याला अद्याप स्थान नाही.

यांपैकी एखादी गोष्ट कधीमधी कोण करीत नाही? म्हणूनच केवळ कृती पाहून काही ठरविता येत नाही. पाहावयाचे ते तीन गोष्टींकडे. पहिली, नियम मोडण्याची मुभा उरली आहे की नाही. दुसरी, जागेपणीच्या विचारांपैकी किती भाग अन्नाने आणि वजनाने व्यापला आहे. आणि तिसरी, त्यापायी माणसांची संगत, अभ्यास, झोप यांपैकी काय काय सुटत चालले आहे.

अन्न तोडण्याचा परिणाम मनावर कसा होतो, याचे सर्वांत काळजीपूर्वक केलेले निरीक्षण आन्सेल कीज यांच्या मिनेसोटा येथील प्रयोगात आहे. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकाने नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने या प्रयोगात भाग घेतला. १९४५ मध्ये २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले. प्रयोगाचा हेतू युद्धोत्तर युरोपातील उपासमारीवर इलाज शोधण्याचा होता. सौंदर्याची किंवा वजनाची चिंता यांपैकी कोणालाही नव्हती. तरीही काही आठवड्यांत त्यांचे मन अन्नाभोवती घोटाळू लागले. ते पाकशास्त्राची पुस्तके वाचू लागले, जेवण रेंगाळत करू लागले, ताटलीतील अन्नाशी चाळा करू लागले. चिडचिड आणि खिन्नता वाढली, मित्रांतून ते अंग काढून घेऊ लागले. काहींना पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावरही किती काळ तरी खाणे आवरत नव्हते. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या अहवालाचे महत्त्व असे की, जी लक्षणे विकाराची म्हणून समजली जातात, त्यांपैकी कित्येक लक्षणे उपाशी राहण्याची आहेत, हे त्यामुळे स्पष्ट झाले. ज्याला प्रारंभी कोणताही विकार नाही, त्यालाही अन्न तोडल्याने त्या वाटेवर नेऊन सोडता येते.

याच वाटेचे दुसरे टोक हर्मन आणि मॅक यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. एरवी खाण्यावर कडक निर्बंध ठेवणाऱ्या व्यक्तींना आधी दुधाचे गोड पेय पाजून मग आइस्क्रीम पुढे ठेवले असता त्यांनी ते कमी खाण्याऐवजी अधिक खाल्ले. निर्बंध न ठेवणाऱ्यांचे तसे झाले नाही. नेम एकदा मोडला की तो पाळण्यात अर्थ उरत नाही, असे पहिल्यांच्या मनाने घेतलेले असते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्यांनी घडविली त्यांना या प्रयोगाचे नवल वाटले नसते. म्हणीत थट्टा आहे. पण निर्बंध आणि अनावरता ही दोन विरुद्ध टोके नसून एकाच चक्राचे दोन अर्धभाग आहेत, हे निरीक्षण त्या थट्टेत दडलेले आहे.

शरीराच्या हानीचा उल्लेख थोडक्यात पुरे. वारंवार ओकारी काढल्याने रक्तातील पोटॅशियम घटते व हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. दातांवरचे कवच झिजते. थोड्या काळात पुष्कळ वजन घटले तर, उरलेले वजन 'ठीक' दिसत असले तरी, नाडी मंदावणे, पाळी बंद होणे, हाडे कमकुवत होणे हे परिणाम संभवतात. शरीर आपली झीज मोजताना निदानपुस्तिका पाहत नाही.

४. भारतीय अनुभव

हे विकार पाश्चात्त्य समाजाचे असून त्यांचा येथे संबंध नाही, असे दीर्घकाळ मानले जात असे. त्या समजुतीला तडा देणारे काही अभ्यास १९९५ मध्ये पुढे आले. मद्रास येथील श्रीनिवासन, सुरेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१० वैद्यकीय विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांपैकी ३१ जणांत, म्हणजे १४.८ टक्क्यांत, खाण्याविषयीच्या क्लेशाचा एक लक्षणसमूह आढळला. त्याला त्यांनी जे नाव दिले त्याचा मराठी पर्याय 'आहारक्लेश' असा करता येईल. ही मुख्य विकारांची सौम्य किंवा उंबरठ्याअलीकडील अवस्था असावी, असे त्यांचे मत पडले. १९९८ मध्ये त्यांनी तिच्यासाठी एक स्वतंत्र प्रश्नावलीही तयार केली. पाश्चात्त्य व्याख्यांत मावेल तेवढेच न मोजता, समोर जे दिसत होते त्याला या अभ्यासकांनी नाव दिले, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्या नावात विकारावर नव्हे, तर क्लेशावर भर आहे.

१९९५ मध्येच दिल्ली येथील खंडेलवाल, शरण व सक्सेना यांनी पाच तरुण स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या खाण्यास नकार देत होत्या, वारंवार ओकत होत्या, त्यांचे वजन फार घटले होते. पण आपण लठ्ठ आहोत असा भ्रम किंवा अतिहालचाल ही पाठ्यपुस्तकी लक्षणे त्यांच्यात नव्हती. प्रारंभी त्यांचे निश्चित निदान करणे अवघड गेले. याच्याशी जुळणारे निरीक्षण हाँगकाँग येथील सिंग ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये नोंदविले होते. त्यांच्या ७० चिनी रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांना लठ्ठपणाची भीती वाटत नव्हती. पोट फुगल्यासारखे वाटते, भूक नाही, अन्न नकोसे होते, अशी कारणे ते सांगत.

या निरीक्षणांतून भाषाशास्त्राच्या दृष्टीने एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. न खाण्याचे कारण म्हणून मनुष्य जे सांगतो ते त्याच्या भाषेत आणि समाजात जे सांगण्याजोगे असते त्यातूनच निवडलेले असते. लठ्ठपणाची भीती हे जेथे समजण्याजोगे कारण आहे तेथे ते सांगितले जाते. पोटाची तक्रार जेथे समजण्याजोगी आहे तेथे ती सांगितली जाते. व्याख्या जर एकाच कारणाला ओळखत असेल, तर दुसरे कारण सांगणारा रेषेच्या अलीकडेच राहणार.

५. मराठीतील नामे आणि क्रियापदे

मराठीत या प्रदेशासाठी शब्द नाहीत, असे नाही. पण जे आहेत त्यांचे दोन कप्पे पडतात. कमी खाण्यासाठी जे शब्द आहेत ते बहुधा गौरवाचे आहेत : उपास, नेम, व्रत, संयम, मिताहार, एकभुक्त. अधिक खाण्यासाठी जे आहेत ते बहुधा निंदेचे किंवा थट्टेचे आहेत : खादाड, अधाशी, हावरट, वखवख, भस्म्या. परिणामी जी मुलगी अन्न तोडीत चालली आहे तिच्या वर्तनाला प्रशंसेचा शब्द सहज मिळतो आणि ती उशिरा ओळखली जाते. ज्या मुलाला खाणे आवरत नाही त्याच्या वर्तनाला निंदेचा शब्द मिळतो आणि तो ते लपवितो. दोघांच्याही क्लेशाला शब्द मिळत नाही.

येथे उपास आणि अन्नवर्जन यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. कारण उपास हा विकार आहे असे म्हणणे अनुचित व असत्यही आहे. संकष्टी, एकादशी किंवा हरतालिका यांचा उपास तिथीने बांधलेला असतो. तो घरातील इतरांना ठाऊक असतो, पुष्कळदा त्यांच्यासह केला जातो. आणि त्याला पारणे असते. सुरू होण्याइतकेच संपणेही त्याच्या विधीत आहे. पथ्यालाही वैद्य असतो आणि मुदत असते. अलीकडे बोलीत रूढ झालेल्या 'डाएट' या शब्दाला मात्र ना तिथी, ना वैद्य, ना पारणे. विस्कळीत आहार उपासाचे किंवा पथ्याचे नाव घेऊन वावरतो तेव्हा त्याला ओळखण्याची खूण हीच की, त्याला पारणे उरलेले नसते.

प्राचीन वैद्यकाने या बाबतीत अधिक बारकावा दाखविला होता. अन्न नको होण्याच्या अवस्थांत आयुर्वेदाचे टीकाकार तीन भेद करतात : तोंडात घातलेल्या अन्नाला चव न लागणे तो अरोचक, अन्नाच्या विचाराने, दर्शनाने किंवा श्रवणानेही तिटकारा येणे तो भक्तद्वेष, आणि क्रोध, भय इत्यादींनी व्याकुळ झालेल्याला अन्नाची इच्छाच न होणे तो अभक्तच्छंद. 'भक्त' म्हणजे येथे शिजविलेले अन्न. न खाणे एकच असले तरी त्यामागील मनोवस्था वेगळ्या, हे या परिभाषेने ओळखले होते. ही नावे आजच्या विकारांशी जुळवू पाहणे चूक ठरेल. पण नाव किती नेमके असू शकते, एवढे त्यांवरून कळते.

तथापि मराठीची खरी संपत्ती या बाबतीत नामांत नसून क्रियापदांत आहे. पुढील वाक्ये पाहावीत :

(अ) मी रात्री जेवत नाही.
(आ) मला जेवण जात नाही.
(इ) मला जेववत नाही.
(ई) मी खात सुटते.
(उ) माझ्याकडून खाल्लं जातं.

(अ) मध्ये कर्ता प्रथमेत आहे. न जेवणे हा त्याचा निर्णय आहे, किंवा निदान तसे तो मांडतो. (आ) मध्ये जेवण हेच 'जाण्या'चे कर्ते झाले आहे व मनुष्य चतुर्थीत, म्हणजे भोगणाऱ्याच्या स्थानी, गेला आहे. (इ) हे मराठी व्याकरणात ज्यांना शक्य क्रियापदे म्हणतात त्यांपैकी आहे. येथे इच्छेचा नव्हे तर सामर्थ्याचा अभाव सांगितला आहे. जेवावेसे वाटते, पण होत नाही, असाही अर्थ त्यात सामावतो. (ई) मध्ये 'सुटणे' या सहाय्यक क्रियापदाने कृतीचा लगाम गेल्याचे दर्शविले आहे. कर्ता अजून कर्ताच आहे, पण धावत्या बैलामागे फरफटणाऱ्या गाडीवानासारखा. (उ) मध्ये प्रयोग पालटला आहे. कर्ता 'कडून' या शब्दयोगी अव्ययामागे गेला आहे, आणि कृती त्याच्या मनाविरुद्ध त्याच्या हातून घडते आहे.

निदानपुस्तिकेत अनावर खाण्याची जी मुख्य खूण सांगितली आहे, ती म्हणजे खाण्यावरील ताबा गेल्याची जाणीव. ही जाणीव मराठी भाषक 'ताबा' हा शब्द न उच्चारताही व्यक्त करतो; ती त्याच्या वाक्याच्या प्रयोगात उमटते. त्याचप्रमाणे हाँगकाँग व दिल्ली येथील रुग्णांनी ज्या प्रकारची कारणे दिली, ती मराठीत बहुधा (आ) आणि (इ) च्या साच्यांत येतील आणि 'पोटाची तक्रार' म्हणून बाजूला सारली जातील.

अर्थात यावरून वाक्य ऐकून निदान करता येते, असे कोणी समजू नये. तापात, शोकात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवण कोणालाच जात नाही. शिवाय पचनसंस्थेचे खरेखुरे आजार असतात व त्यांची तपासणी आधी झाली पाहिजे. लक्ष द्यावयाचे ते एखाद्या वाक्याकडे नव्हे, तर एकाच व्यक्तीच्या बोलण्यात कालांतराने पडणाऱ्या फरकाकडे. जी विद्यार्थिनी काही महिन्यांपूर्वी 'मी रात्री जेवत नाही' असे अभिमानाने सांगत होती, ती आता 'मला रात्री जेववत नाही' असे म्हणू लागली, तर निवडीची जागा असामर्थ्याने घेतली असण्याचा संभव आहे. हे तूर्त एक अनुमान आहे. त्याची पारख पद्धतशीर भाषिक सामग्री गोळा करूनच होऊ शकेल, आणि पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी तो विषय अयोग्य नाही.

६. प्रश्नावलींचे भाषांतर

विस्कळीत आहार शोधण्यासाठी ज्या प्रश्नावली वापरल्या जातात त्यांपैकी गार्नर व त्यांच्या सहकाऱ्यांची आहारवृत्ती-प्रश्नावली सर्वांत प्रसिद्ध आहे. १९७९ मध्ये तिच्यात ४० विधाने होती. १९८२ मध्ये ती २६ वर आणली गेली. २० किंवा अधिक गुण पडल्यास पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी ही प्रश्नावली उत्तर भारतातील शाळकरी मुलींना देऊन पाहिली व १९८९ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. काही प्रश्नांचा अर्थ मुलींनी प्रश्नकर्त्यांना अभिप्रेत असलेल्याहून वेगळा, आपल्या चालीरीतींना धरून घेतला, आणि त्यामुळे गुण फुगले, असे त्यांना दिसून आले.

मराठी घरातही हेच होईल. 'मी आणखी खावे असे इतरांना वाटते' अशा आशयाचे एक विधान या प्रश्नावलीत आहे. ज्या घरी पाहुण्याला आग्रहावाचून वाढणे हा उणेपणा समजला जातो, तेथे या विधानाला होकार न देणारा विरळा. अन्नाचे लहान लहान तुकडे करण्याविषयीचे विधान सुरीकाट्याच्या जेवणाला धरून आहे. भाकरीचा तुकडा मोडणे हा येथे जेवणाचाच भाग होय. भूक लागली असता खाणे टाळण्याविषयीच्या विधानाला संकष्टी करणारी कोणतीही निरोगी स्त्री होकार देईल. याउलट, ओकारी काढण्याविषयीच्या प्रश्नाला लज्जेमुळे नकार येण्याचा संभव अधिक. थोडक्यात, शब्दशः भाषांतराने जे नाही ते दिसते आणि जे आहे ते निसटते.

मॉर्गन, रीड व लेसी यांनी १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये पाच प्रश्नांची एक सुटसुटीत चाचणी दिली. दोन होकार आल्यास पुढे तपासावे, असा तिचा नियम आहे. प्रश्नांतील शब्दांच्या आद्याक्षरांतून तिचे 'स्कॉफ' हे नाव बनले असून ब्रिटिश बोलीत त्या शब्दाचा अर्थ 'हादडणे' असा होतो. तिच्यातील एक प्रश्न तीन महिन्यांत एक 'स्टोन' वजन घटले काय, असा आहे. चौदा पौंडांच्या या मापाचे सुमारे सव्वासहा किलो असे रूपांतर सहज होते; कठीण आहे ते ताब्याविषयीच्या प्रश्नाचे. त्यासाठी 'संयम सुटतो का?' असा शब्दप्रयोग केल्यास प्रश्न नीतीचा होतो, आणि उत्तर देणारा आपला अपराध कबूल करतो किंवा नाकारतो. 'खायचं नसतानाही खाल्लं जातं का?' असे विचारल्यास प्रश्न अनुभवाचा राहतो. पहिल्या वाक्यात सद्गुणाचे नाम आहे; दुसऱ्यात प्रयोगाची निवड आहे. दुसरे वाक्य शब्दकोशात सापडणारे नाही. ते भाषा जाणणाऱ्यालाच सुचेल.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. एक, निदानाची रेषा ही अभ्यासाची आवश्यक सोय आहे. क्लेशाची मर्यादा नव्हे. ती गेल्या चार दशकांत अनेकदा हलली आहे आणि पुढेही हलेल. दुसरी, रेषेअलीकडील क्लेश व्यक्त करण्याचे साधन मराठीत आहे. पण ते नामांत शोधणाऱ्याला सापडणार नाही.

महाविद्यालये व वसतिगृहे यांत तरुणांच्या सहवासात असणाऱ्यांना याचा उपयोग उघड आहे. 'बारीक झालीस, छान दिसतेस' हे वाक्य सद्भावनेने उच्चारले जाते. पण जिला जेववत नाही तिला ते पुढे जाण्याची आज्ञा ठरते. 'एवढंसं तर वजन घटलंय' हे वाक्य धीर देण्यासाठी असते. पण आपला त्रास मदतीला पात्र होण्याइतका मोठा नाही, असा त्याचा अर्थ ऐकणारा घेतो. वजन किती, असे विचारण्यापेक्षा जेवणाचा विचार दिवसभर मनात असतो का, नेम एक दिवस मोडला तर काय वाटते, असे विचारणे अधिक उपकारक ठरेल. घेरी येणे, छातीत धडधडणे, वारंवार ओकणे किंवा झपाट्याने वजन उतरणे यांपैकी काही दिसल्यास वैद्याकडे जाण्यास विलंब करू नये; शासनाची १४४१६ ही 'टेलिमानस' दूरध्वनिसेवाही २०२२ पासून उपलब्ध आहे.

लवकर मदत मिळाल्यास हे खाणे पुष्कळदा पूर्ववत होते. त्यासाठी कोणी तरी उंबरठा ओलांडून आत येण्याची वाट पाहत न बसता, अलीकडे उभ्या असलेल्याचे बोलणे नीट ऐकले पाहिजे. तो बहुधा विकाराचे नाव घेणार नाही. 'जेवण जात नाही', एवढेच म्हणेल.